एक गिटार, एक आवाज: गायिकेच्या मागे जो पास नेमकं काय करतो?

१९७३ साली जो पास या गिटारवादकाने दोन वेगवेगळे अल्बम ध्वनिमुद्रित केले. पहिला 'व्हर्च्युओसो'. त्यात तो एकटा आहे. बेस नाही, ड्रम नाहीत, पियानो नाही, आणि तरी चाल, कॉर्ड (म्हणजे एकदम वाजणाऱ्या सुरांचा जुडगा) आणि खर्ज अशा तिन्ही गोष्टी एकाच वेळी चालू आहेत असा भास तो करून देतो. दुसरा 'टेक लव्ह ईझी'. त्यातही गिटार एकटीच आहे, पण पुढे जॅझ गायिका एला फिट्झजेराल्ड गाते आहे. पहिल्याने त्याचं नाव जगभर झालं. जॅझ गिटार शिकणारे आजही त्यातल्या जागा सुट्या करून घोटत बसतात. माझं मत विचाराल तर त्याचा खरा कस दुसऱ्या अल्बममध्ये लागला आहे. असं का म्हणतो ते सांगायला थोडी तांत्रिक बाजू उलगडावी लागेल. सारेगम ठाऊक असेल तर तेवढं भांडवल पुरेल.

ख्यालगायनाला हार्मोनियमची साथ आपल्या कानाला सवयीची आहे. आप्पा जळगावकरांसारखे साथीदार गायकाच्या पाठोपाठ जातात, त्याची जागा हलकेच उचलतात, तो थांबला की ती पोकळी भरतात. पण त्यांना एक गोष्ट आयती मिळते, ती म्हणजे जमीन. तानपुरा षड्ज धरून असतो, तबला लय धरून असतो. गायक कुठेही भरारी मारून आला तरी 'सा' जागचा हलत नाही. जॅझच्या गाण्यात ही जमीनच सारखी सरकत असते. दर चार मात्रांनी, कधी दोनच मात्रांनी, खालची कॉर्ड बदलते, आणि तिच्याबरोबर वरच्या सुराचा अर्थही बदलतो. एकटी गिटार साथीला असेल तर ही सरकणारी जमीन तिलाच दाखवावी लागते, लयही तिलाच धरावी लागते, आणि वर गाणारीच्या वाटेत येऊन चालत नाही.

आपले कान कॉर्ड्सना अगदीच नवखे आहेत असंही नाही. सेबॅस्टियन डिसूझांसारख्या गोव्याच्या अरेंजरांनी हिंदी चित्रपटगीतांच्या खाली स्वरमेळ रचून ठेवले, आणि ते ऐकतच आपल्या दोन-तीन पिढ्या वाढल्या. फक्त तिथे पाऊणशे वादकांचा ताफा असायचा, आणि आपलं लक्ष गाण्यावर असायचं.

आता जॅझवाले ज्यांना 'स्टँडर्ड' म्हणतात त्या गाण्यांकडे वळू. गर्श्विन, एलिंग्टन, कोल पोर्टर या अमेरिकन संगीतकारांच्या काळातल्या या गाण्यांचा साचा बऱ्याचदा ठरलेला असतो: बत्तीस बार, प्रत्येकात चार मात्रा. म्हणजे १२८ मात्रांचं एक आवर्तन झालं. या आवर्तनात कुठल्या मात्रेला कुठली कॉर्ड येणार तो क्रम सगळ्यांना तोंडपाठ असतो. आवर्तन संपलं की पुन्हा पहिल्यापासून. एकदा गाणं म्हणायचं, मग त्याच क्रमावर उपज करायची, शेवटी पुन्हा गाणं. एकमेकांना कधीही न भेटलेले जॅझवादक अर्ध्या मिनिटात एकत्र वाजवायला लागतात ते याच जोरावर. 'गाणं कुठलं, पट्टी कुठली, लय केवढी' एवढं ठरलं की झालं.

पट्टीचा मुद्दा साधा वाटतो, पण साथीदाराची पहिली परीक्षा तिथेच असते. गायिका आपल्या गळ्याला सोयीची पट्टी घेते. वादकांची सवय वेगळ्या पट्टीची असते. बाराही पट्ट्यांत शेकडो गाणी हाताखाली असणं ही या धंद्यातली किमान पात्रता आहे. गिटारला इथे थोडी सवलत मिळते, कारण बोटांचा आकार तोच ठेवून हात वरखाली सरकवला की पट्टी बदलते. पण मोकळ्या तारांवर भिस्त असेल तर ही सोय संपते, कारण मोकळी तार कुठे सरकत नाही.

बाकी बाबतीत मात्र गिटार या कामाला पियानोपेक्षा फारच तोकडी आहे. पियानोवाल्याला दहा बोटं आणि सात सप्तकं मिळतात. शिवाय पेडल दाबला की सूर रेंगाळत राहतो. गिटारवाल्याला सूर दाबायला डाव्या हाताची चार बोटं मिळतात आणि सहा तारा. छेडलेला सूर क्षणात विरायला लागतो. हार्मोनियमसारखा तो धरून ठेवता येत नाही. त्यात आणखी एक अडचण अशी की गिटारच्या मधल्या तारांचा टापू आणि बाईच्या आवाजाचा खालचा टापू एकमेकांवर येतात. गायिका जिथे गाते आहे तिथेच गिटार कॉर्ड ठोकायला लागली तर दोन्ही गढूळ होतात.

यावरचा उपाय म्हणजे कमी सूर वाजवायचे. मग प्रश्न उरतो, कुठले?

उदाहरणादाखल जॅझमधला सर्वांत वापरलेला तीन कॉर्ड्सचा तुकडा घेऊ. पट्टीचा 'सा' कुठलाही धरा. पहिली कॉर्ड रे वर उभी आहे: रे, म, ध, सा. दुसरी प वर: प, नि, रे, म. तिसरी घरी परतते: सा, ग, प, नि. चार-चार सूर असे तीन वेळा, म्हणजे बारा सूर झाले. प्रत्येक कॉर्डमध्ये पायाचा सूर धरून मोजलं तर तिसरा आणि सातवा हे दोन सूर खरे कामाचे असतात. कॉर्डचा स्वभाव त्या दोघांत असतो. पहिल्या कॉर्डमध्ये ते आहेत म आणि सा. दुसरीत नि आणि म. तिसरीत ग आणि नि.

आता हे ओळीने गुणगुणून पाहा. पहिल्या कॉर्डकडून दुसरीकडे जाताना म जागीच राहतो आणि सा फक्त नि पर्यंत उतरतो. दुसरीकडून तिसरीकडे जाताना नि जागीच राहतो आणि म उतरून ग वर येतो. दर वेळी एकच सूर हलतो, तोही सर्वांत लहान पायरीने. बारा सुरांचा पसारा दोन तारांत मावला, आणि ऐकणाऱ्याला जमीन सरकल्याचं नीट कळलं. चांगला गिटारवादक गायिकेच्या मागे बऱ्याचदा एवढंच वाजवतो. पायाचा सूर अंगठ्याने अधूनमधून खाली ठेवतो, की झालं. उरलेल्या तारा गप्प असतात, आणि त्या शांततेत आवाजाला मोकळं रान मिळतं.

याच हिशेबातून जॅझमधली एक लाडकी युक्ती निघते. प वरच्या कॉर्डमधले कामाचे सूर होते नि आणि म. आता कोमल रे वर त्याच जातीची कॉर्ड बांधा: कोमल रे, म, कोमल ध, नि. तिच्यातले तिसरा आणि सातवा सूर कुठले येतात? म आणि नि! जोडी तीच, फक्त जागांची अदलाबदल झाली. म्हणून प च्या जागी कोमल रे ची कॉर्ड खपून जाते. खर्ज आता प वरून सा वर उडी मारण्याऐवजी रे, कोमल रे, सा असा पायरीपायरीने उतरत येतो. गाणं तेच राहतं, पण खालचा रंग गडद होतो. साथीदार हे ऐनवेळी करतो, न विचारता. गाणारीचे कान पक्के असतील तर ती त्यावर खूश होते. नसतील तर ती बेसूर होते, आणि श्रोत्यांना वाटतं चूक तिची.

एलाचे कान पक्के होते, हे सांगण्याची गरज नाही, तरी सांगतो, कारण या जोडीचं सगळं गणित त्यावर उभं आहे. १९१७ मध्ये जन्मलेली ही बाई १९३४ साली न्यूयॉर्कच्या अपोलो थिएटरमध्ये हौशी कलाकारांची स्पर्धा जिंकली आणि पुढे चिक वेब या ड्रमरच्या मोठ्या बँडमध्ये गायला लागली. म्हणजे तिची घडण झाली ती ट्रम्पेट-सॅक्सोफोनच्या भिंतीपुढे उभं राहून. सुराची अचूकता आणि लयीची पकड या दोन बाबतींत तिची बरोबरी करणारे जॅझमध्ये फार थोडे सापडतील. शब्द टाकून नुसत्या अक्षरांवर गायचा जो प्रकार आहे, ज्याला स्कॅट म्हणतात, त्यात ती एखाद्या सॅक्सोफोनवाल्यासारखी आवर्तनं भरते.

अशा बाईला वयाच्या छपन्नाव्या वर्षी एका गिटारपुढे एकटं उभं करायची कल्पना आली कुठून? याचं श्रेय नॉर्मन ग्रांझचं. तो निर्माता होता आणि एलाचा मॅनेजरही. १९५६ मध्ये त्याने व्हर्व्ह ही कंपनी काढली, पुढे विकली, आणि १९७३ मध्ये पाब्लो नावाची नवी कंपनी काढली. हे नाव त्याने पिकासोवरून ठेवलं होतं. चांगल्या कलाकारांना स्टुडिओत आणायचं आणि फारशी सजावट न करता जे होईल ते टेपवर घ्यायचं, अशी त्याची पद्धत. कधीकधी तिचा अतिरेकही व्हायचा आणि पाब्लोच्या बऱ्याच रेकॉर्ड्स एकसारख्या वाटतात, पण या जोडीला मात्र ती पद्धत मानवली. गिटार आणि आवाज हा प्रयोग अगदी नवा नव्हता. १९५५ मध्ये ज्युली लंडनने बार्नी केसेलची गिटार आणि रे लेदरवुडचा बेस एवढ्यावर आख्खा अल्बम केला होता. एलानेही १९५७ च्या एलिंग्टन गीतसंग्रहात केसेलच्या गिटारवर काही गाणी म्हटली होती. पण संपूर्ण अल्बमभर बेससुद्धा काढून टाकायचा म्हणजे आधाराची शेवटची काठीही काढून घेण्यासारखं होतं.

जो पास तिथवर पोहोचला तो बऱ्याच खाचखळग्यांतून. जन्म १९२९ चा, न्यू जर्सीतला. वाढला पेनसिल्व्हेनियातल्या जॉन्सटाउन या पोलादाच्या कारखान्यांच्या गावात. वडील सिसिलीहून आलेले, पोलाद कारखान्यात कामाला. पोराच्या हातात काही आहे हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी त्याला तासन्‌तास रियाजाला बसवलं. चौदाव्या वर्षी तो पैसे घेऊन वाजवत होता. विशीत हेरॉइनने गाठलं. मग पुढची दहा-बारा वर्षं व्यसन, अटका, तुरुंग, सुधारगृह यांत गेली. कॅलिफोर्नियातल्या सिनानॉन या व्यसनमुक्तीच्या वसाहतीत तो सावरला आणि तिथल्याच वादकांना घेऊन केलेली त्याची रेकॉर्ड १९६२ मध्ये बाहेर आली. तेव्हा त्याच्याकडे जॅझला फारशी न शोभणारी सपाट, भरीव अंगाची गिटार होती. एका चाहत्याने १९६३ मध्ये त्याला गिब्सन कंपनीची पोकळ अंगाची इलेक्ट्रिक गिटार भेट दिली, ती त्याने पुढे वर्षानुवर्षं वाजवली. म्हणजे 'व्हर्च्युओसो' आला तेव्हा हा माणूस चव्वेचाळीस वर्षांचा होता. अचानक उगवलेला चमत्कार वगैरे काही नव्हता.

त्याच्या उजव्या हाताबद्दल थोडं. गिटारवादक साधारणपणे पिकने, म्हणजे छोट्या चपट्या पत्रीने वाजवतात. पिकने कॉर्ड वाजवली की तारा एकामागून एक छेडल्या जातात, झर्रकन. बोटांनी वाजवली की चारही सूर एकदम निघतात, पियानोसारखे. जो पास दोन्ही करायचा, पण गायिकेच्या मागे तो बहुतेक बोटांनीच वाजवतो. त्यामुळे अंगठा आणि बाकीची बोटं वेगवेगळी कामं करायला मोकळी होतात. अंगठा दर मात्रेला एक असा खर्जातला सूर ठेवत जातो, ज्याला वॉकिंग बेस म्हणतात, आणि दोन मात्रांच्या मधल्या जागेत बोटं कॉर्डचा छोटासा ठोका देतात. नीट कान दिला तर कळतं की बेस आणि कॉर्ड बऱ्याचदा एकाच क्षणी वाजतच नाहीत. एक वाजतो, तो विरायच्या आत दुसरा येतो, आणि आपला कान दोन्ही चालूच असल्याचं गृहीत धरतो. 'व्हर्च्युओसो'मधली जादूही हीच आहे. तिथे फक्त त्यात चालीची तिसरी ओळ जमा होते.

'टेक लव्ह ईझी'मध्ये ही तिसरी ओळ एला गाते. म्हणजे त्याच्या हाताला सवय तीन माणसांची कामं करायची, आणि इथे त्यातलं सर्वांत दिमाखदार काम दुसऱ्याकडे गेलेलं. अशा वेळी बोटांना खाज सुटतेच. मोठमोठे वादक इथे घसरतात. गायिकेच्या प्रत्येक श्वासात आपला एक चमकदार तुकडा घुसवतात. पास असं क्वचित करतो. ओळीच्या शेवटी एला सूर धरून थांबली असेल तर तो खाली हलकेच दुसरी कॉर्ड सरकवतो आणि तिचा धरलेला सूर नव्या उजेडात दिसतो. तिने श्वास घेतला तर दोन-चार सुरांची एक वाट तो दाखवतो, जी नेमकी तिच्या पुढच्या ओळीच्या पहिल्या सुरापाशी येऊन थांबते. सूर देण्याचं कामही झालं आणि सजावटही.

या अल्बममध्ये नऊ गाणी आहेत. त्यातलं 'लश लाइफ' आवर्जून ऐकावं, कारण ते गाणं म्हणजे सापळा आहे. बिली स्ट्रेहॉर्नने ते १९३० च्या दशकात, विशीच्या आसपास असताना लिहिलं. सुरुवातीचा मोठा भाग लयीत बांधलेलाच नाही. चाल अनपेक्षित सुरांवर जाते, आणि खालच्या कॉर्ड्स पट्टी सोडून अर्ध्या-अर्ध्या पायरीने घसरत राहतात. फ्रँक सिनात्राने १९५८ मध्ये स्टुडिओत ते म्हणायचा प्रयत्न केला आणि मध्येच सोडून दिलं. पुन्हा त्या वाटेला तो गेला नाही. एलाने १९५७ मध्ये ऑस्कर पीटरसनच्या पियानोवर ते म्हटलं होतं. पियानो म्हणजे सगळ्या कॉर्ड्स भरभक्कम उभ्या. गिटारवर त्याच कॉर्ड्स तीन-तीन सुरांच्या सांगाड्यात येतात आणि गाणारीला पुढची जमीन जवळजवळ मनानेच ओळखावी लागते. शिवाय लय मोकळी असल्याने कॉर्ड कधी बदलायची हे मात्रा मोजून ठरत नाही, एकमेकांच्या श्वासावर ठरतं. ती शब्द किती लांबवेल याचा अंदाज त्याने घ्यायचा, तो कॉर्ड कधी टाकेल याचा तिने. दोघांपैकी एकालाही तबलजीच्या समेसारखा टेकू नाही.

त्याच्या उलट 'अ फॉगी डे'. गर्श्विनचं १९३७ चं गाणं, ठाशीव लयीतलं. इथे बेस आणि ड्रमशिवाय लय धरून ठेवायची जबाबदारी गिटारवर येते असं वाटतं, पण प्रत्यक्षात ती दोघांत वाटलेली आहे. एलाच्या शब्दफेकीतच इतकी लय आहे की गिटार मध्येच दोन मात्रा गप्प बसली तरी काही अडत नाही. असं गप्प बसायला निर्धास्तपणा लागतो. नवखा साथीदार घाबरून प्रत्येक मात्रा भरत सुटतो.

या जोडीचा दुसरा अल्बम, 'फिट्झजेराल्ड अँड पास... अगेन', १९७६ चा. त्यासाठी एलाला ग्रॅमी मिळालं. यात दोघं एकमेकांना सरावलेली आहेत, आणि यातच 'वन नोट सांबा' आहे. सुरांचा अर्थ खालची कॉर्ड कशी बदलते हे आपल्या संगीताच्या श्रोत्याला समजवायला याहून सोपं गाणं नाही, म्हणून इथे जरा थांबू.

ब्राझीलच्या अंतोनिओ कार्लोस जोबिमचं हे गाणं. पहिल्या भागात चाल जवळपास एकाच सुरावर अडून बसते. पट्टीच्या हिशेबाने तो पंचम. खाली मात्र चार कॉर्ड्स येतात आणि त्यांचे पाये असे उतरतात: ग, कोमल ग, रे, कोमल रे. आता दर वेळी खालच्या पायाला 'सा' मानून वरचा तोच पंचम मोजा. पहिल्या कॉर्डवर तो होतो कोमल गंधार. दुसरीवर शुद्ध गंधार. तिसरीवर शुद्ध मध्यम. चौथीवर तीव्र मध्यम. गाणारीने सूर तसूभर हलवलेला नाही. खालचा षड्ज सरकत गेला आणि वरच्या एका सुराचे चार सूर झाले. चौथी कॉर्ड कोमल रे वरची आहे, हेही लक्षात आलं असेल. मघाशी पंचमाच्या जागी खपवली होती तीच ही, आणि ती पुढे घरी, सा कडे ओढते.

हे गाणं मोठ्या वाद्यवृंदाबरोबर म्हणणं सोपं असतं, कारण चारही रंग ठळक दिसतात. एकट्या गिटारवर ते रंग दाखवायचे, सांबाची उचल अंगठ्याने चालू ठेवायची, आणि वर एलासारखी बाई लयीशी खेळत असताना डगमगायचं नाही, ही शब्दशः तारेवरची कसरत आहे. आणि ऐकताना ती कसरत वाटत नाही.

या जोडीचे आणखी दोन अल्बम आले, 'स्पीक लव्ह' १९८३ मध्ये आणि 'ईझी लिव्हिंग' १९८६ मध्ये. ते पहिल्या दोनांइतके गाजले नाहीत, आणि गळ्याच्या बाबतीत ते रास्तच म्हणावं लागेल. एलाचा आवाज आता जडावला होता, सूर धरताना तो थरथरतो, वरच्या टापूत खरखर येते. मधुमेहाने तिची तब्येत बरीच पोखरली होती. तरी साथ कशी करावी हे शिकायचं असेल तर मी 'ईझी लिव्हिंग' आधी लावायला सांगेन. तरुण, ठणठणीत आवाजाच्या मागे कोणीही चांगला दिसतो. इथे सूर लांबवणं जड जातंय तिथे गिटार लवकर आत येते आणि तो लांबवण्याची गरजच ठेवत नाही. गाणारीचं झाकलं जातं, आणि झाकल्याचं दिसत नाही. समीक्षकांनी या अल्बमला जरा घाईने निकालात काढलं असं मला वाटतं.

पास इतरही गायिकांबरोबर वाजला, पण तिथे मांडणी निराळी. कार्मेन मॅक्रेच्या १९७० च्या दशकाच्या सुरुवातीच्या एका मैफलीच्या अल्बममध्ये त्याच्या शेजारी जिमी रोल्सचा पियानो आहे. पियानो आणि गिटार दोघंही कॉर्ड्स वाजवणारे. दोघांनी एकदम वाजवलं तर एकाने प ची कॉर्ड आणि दुसऱ्याने त्याच क्षणी कोमल रे ची, असा अपघात केव्हाही होऊ शकतो. त्यामुळे अशा बैठकीत एकाने हात आखडता घ्यायचा हा अलिखित नियम आहे. पास तिथे बराच वेळ जवळजवळ ऐकूच येत नाही, आणि हेही साथीचंच एक अंग आहे.

सारा व्हॉनचं प्रकरण याहून रंगतदार. १९२४ मध्ये नेवार्कला जन्मलेली सारा स्वतः पियानो वाजवायची. १९४३ मध्ये अर्ल हाइन्सच्या बँडमध्ये ती गायिका म्हणून आणि दुसरी पियानोवादक म्हणून दाखल झाली होती. म्हणजे खालच्या कॉर्ड्स तिला नुसत्या ऐकू येत नसत, त्या तिच्या बोटांतही होत्या. ती मूळ चाल सरळ म्हणायच्या फंदात फारशी पडत नाही. कॉर्डमधला आडवाटेचा सूर निवडते, तो धरते, त्याला रुंद कंप देते, आणि साथीदाराला आव्हान देते की आता काय करशील? १९८२ च्या 'क्रेझी अँड मिक्स्ड अप'मध्ये 'ऑटम लीव्हज' आहे. त्यात ती ना शब्द म्हणते ना चाल. पहिल्या सुरापासून शेवटपर्यंत भरधाव लयीत स्कॅट, आणि मध्ये पासचं तितकंच वेगवान एकल वादन. गाणं ओळखायचं तर फक्त खालच्या कॉर्ड्सच्या क्रमावरून. वर सांगितलेला बत्तीस बारांचा सांगाडा किती भक्कम असतो याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

पण साराबरोबरचं त्याचं खरं काम १९७८ च्या 'हाउ लाँग हॅज धिस बीन गोइंग ऑन?' या अल्बममध्ये आहे. पीटरसनचा पियानो, रे ब्राउनचा बेस, लुई बेलसनचे ड्रम आणि पासची गिटार असा तिथे ताफा आहे, आणि त्यातल्या प्रत्येकाबरोबर साराने एकेक गाणं दोघांतच म्हटलं आहे. पासच्या वाट्याला आलं 'माय ओल्ड फ्लेम'. हेच गाणं दोन वर्षं आधी, १९७६ च्या अल्बममध्ये त्याने एलाबरोबर केलं होतं.

दोन्ही ध्वनिमुद्रणं लागोपाठ लावा, आणि पहिल्या वेळी शब्दांकडे दुर्लक्ष करून फक्त त्याचा अंगठा ऐका. एला चाल जपते. तिचा सूर जिथे हवा तिथे, हवा तेव्हा येतो. त्यामुळे खाली त्याला कॉर्ड्समध्ये आडवळणं घ्यायला वाव राहतो. सारा वर इतकी वळणं घेते की खाली कोणीतरी रस्ता सरळ ठेवावाच लागतो. हे नेहमी असंच, काटेकोर होतं असं नव्हे, दोघीही मधूनमधून आपला स्वभाव सोडतात. पण गाणं एक, माणूस एक, वाद्य एक, आणि साथ दोन जातींची, हे दहा मिनिटांत कानाला पटतं. गाणं म्हणून मला एलाचं जास्त जवळचं वाटतं. गिटारसाठी ऐकायचं असेल तर साराचं लावतो, कारण तिच्या मागे पासला पुढे काय येणार हे ठाऊक नसतं, आणि ते त्याच्या वाजवण्यात ऐकू येतं.